अळंब्यांचीं पातीं व त्यांची दांड्याशीं जोड

मृगाचा पाऊस पडून जमीन एकदां पोटभर भिजली, कीं वारुळांच्या आसपास, गोठ्यामागील उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यांवर आणि बांधाच्या गवतांत छत्र्या उगवूं लागतात. त्यांपैकीं जीं खाण्याचीं त्यांस कोंकणांत अळंबीं, गोव्यांत ओळमीं व गडचिरोलीकडे सात्या असें म्हणतात. बाकीच्या साऱ्यांस एकच नांव, कुत्र्याची छत्री. ही ढोबळ वांटणी पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे, आणि ज्या घरीं जाणतें माणूस आहे त्या घरीं ती बहुधा पुरेशीहि पडते. कारण तें माणूस नियमानें ओळखीत नाहीं. तें वारूळ ओळखतें, नक्षत्र ओळखतें, आणि आपल्या आईनें कोणत्या जागेवरून काय आणलें होतें तें ओळखतें. अडचण येते ती कुटुंब मुलूख सोडून परगांवीं गेलें म्हणजे, किंवा जाणतें माणूस निघून जाऊन टोपली पोरांच्या हातीं आली म्हणजे. मग एखादा सोपा नियम हवासा वाटतो.

असा एक नियम अलीकडे आपल्या कांहीं सभासदांच्या तोंडीं ऐकूं येतो. छत्रीखालचीं पातीं दांड्याला टेकलेलीं नसलीं तर तें अळंबें खाण्याचें, आणि टेकलेलीं असलीं तर तें विषारी, असा तो आहे. नियम आटोपशीर असल्यामुळें ध्यानांत राहतो. परंतु तो खोटा आहे, आणि नुसता खोटा नव्हे तर प्राणावर बेतणारा आहे. आश्चर्य असें कीं, ज्या पाहणींतून तो निघाला ती पाहणी मात्र अगदीं शास्त्रशुद्ध आहे. पातीं दांड्याशीं कशीं मिळतात हें पाहिल्यावांचून अळंब्याची ओळख पुरी होत नाहीं. तेव्हां या पाहणीनें काय कळतें व काय कळत नाहीं, हें वाचकांपुढें मांडावें असें मनांत आलें.

प्रथम पातीं म्हणजे काय तें पाहूं. छत्री उलटी धरली असतां दांड्याभोंवतीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें पातळ पापुद्रे उभे दिसतात, तींच पातीं. त्यांच्या दोन्ही अंगांवर बीजुकें धरतात. बीजुक म्हणजे अळंब्याचें बीं म्हणावें, मात्र तें इतकें सूक्ष्म असतें कीं एकटें डोळ्यांस दिसत नाहीं. लहानशा छत्रीखालीं पुष्कळ बीजुकें मावावींत म्हणून ही पात्यांची रचना आहे. सर्वच भूछत्रांना पातीं नसतात. कांहींच्या खालीं चाळणीसारखीं छिद्रें असतात, कांहींस बारीक दांते. त्यांना हा लेख लागू नाहीं.

पात्यांवरून कुळें लावण्याची पद्धत स्वीडन देशांतील एलियास मॅग्नस फ्रीस (१७९४–१८७८) या वनस्पतिशास्त्रज्ञानें आपल्या १८२१ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ग्रंथांत बसविली. पात्यांची जोड व बीजुकांचा रंग हे तिचे मोठे आधार होत. आजकाल डी. एन. ए. तपासून नातें ठरवितात, व त्यांत असें दिसून आलें आहे कीं एकाच प्रकारची जोड अगदीं वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणें उत्पन्न झालेली आहे. म्हणून फ्रीसच्या कांहीं वांटण्या मोडल्या. परंतु शेतांत उभ्या असलेल्या माणसाजवळ प्रयोगशाळा नसते, विळा असतो. त्याच्या कामाला ही जुनी पद्धत अजून तितकीच येते.

आतां पाहण्याची रीत. पुष्कळांची चूक येथेंच होते. अळंबें वरच्यावर खुडूं नये. कुदळीच्या किंवा विळ्याच्या टोंकानें बाजूची माती सैल करून तें बुडासकट काढावें, कारण बुडाशीं काय आहे हें पुढें लागणार आहे. एकाच जागचीं एक कोंवळें, एक पुरतें उमललेलें व एक जून अशीं तीन घ्यावींत. मग छत्रीच्या माथ्यापासून दांड्याच्या बुडापर्यंत धारदार पात्यानें सरळ उभा छेद द्यावा व दोन फाकी कराव्या. छेदाच्या कडेला एका पात्याची पुरी आकृति दिसते, आणि तें दांड्याकडे येतांना कोठें संपतें तें स्पष्ट होतें. नुसतें खालून डोकावून पाहिल्यास फसगत होते. फार जून किंवा सुकत चाललेल्या छत्रीवरून निकाल देऊं नये. छत्री पसरतांना ताण बसून जोडलेलीं पातीं दांड्यापासून फाटून सुटतात आणि मुळांत सुटीं असल्यासारखीं दिसतात. अशा वेळीं दांड्यावर फाटल्याच्या बारीक रेघा राहतात. त्या भिंगानें शोधाव्या.

या छेदांत जोडीचे प्रकार दिसतात ते असे. पातें दांड्यापर्यंत न पोंचतां अलीकडेच संपत असेल व मध्यें मोकळी जागा राहत असेल, तर तीं सुटीं पातीं. उलट्या छत्रींत दांड्याभोंवतीं एक वर्तुळाकार चर दिसतो. पात्याचा केवळ वरचा कोपरा दांड्याला लागत असेल तर तीं टेकलेलीं. पात्याची सबंध रुंदी दांड्याला चिकटली असेल तर तीं जोडलेलीं. कांहींत पातें दांड्याजवळ येतांना एकदम आंत वळून खांच पडते व मग तें लागतें. हीं खांचेचीं पातीं होत. आणि पातें दांड्यावरून खालीं ओघळल्यासारखें उतरत जात असेल तर तीं उतरतीं. पालापाचोळ्यावर उगवणाऱ्या कांहीं इवल्याशा छत्र्यांत पातीं दांड्याला न लागतां त्याच्याभोंवतींच्या एका बारीक कड्याला जडलेलीं असतात, जणूं रथाचें चाक. तें खाण्याच्या कामाचें नाहीं, पण मुलांना दाखविण्यासारखें खास आहे.

हे सर्व प्रकार बिनधोक शिकावयाचे असतील तर बाजारांतून आरंभ करावा. धिंगरी अळंबीं आतां ठिकठिकाणीं पेंढ्यावर व भुशावर लावतात. त्यांतील एक चिरून पाहिलें म्हणजे उतरतीं पातीं कशीं असतात हें जन्मभर विसरावयाचें नाहीं. पांढरें बटण अळंबें थोडें उमललेलें मिळवून चिरलें तर सुटीं पातीं दिसतात. मिटलेल्या बटणांत पातीं पडद्याआड झांकलेलीं असतात.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. सुटीं पातीं असलेलें अळंबें खाण्याचें, ही समजूत कां पडली असावी हें कळण्यासारखें आहे. आपल्याकडील सर्वांत आवडतें रानअळंबें वारुळावरचें, व त्याचीं पातीं सुटीं किंवा जेमतेम टेकलेलीं असतात. बाजारांतल्या बटणाचीं सुटीं. ओरिसाकडे भाताच्या पेंढ्यावर पिकवितात त्या अळंब्याचींहि सुटीं. तीन चांगले साक्षीदार एकच साक्ष देतात म्हटल्यावर माणूस निकाल देऊन मोकळा होतो. परंतु चौथा साक्षीदार तपासला पाहिजे होता. जगांत अळंब्यांमुळें होणाऱ्या मृत्यूंपैकीं बहुतेक ज्याच्या माथीं येतात, त्या अमॅनिटा कुळांतील प्राणघातक जातींचीं पातीं सुटीं किंवा जवळजवळ सुटींच असतात. लेपिओटा नांवाच्या लहान, खवलेदार छत्र्यांत कांहीं जातींत तेंच विष आहे. त्यांचींहि पातीं सुटीं. पावसाळ्यांत कुरणांत व बागेंतल्या हिरवळींत ताटलीएवढाल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात, ज्यांवर तपकिरी खवले व दांड्यावर सरकणारें कडें असतें. त्या खाऊन माणसें ओकून ओकून हैराण होतात. त्यांचींहि सुटीं. तात्पर्य, सुटीं पातीं हा एक मोठा वाडा आहे; त्यांत सज्जनहि राहतात आणि मारेकरीहि राहतात. वाडा ओळखला म्हणजे माणूस ओळखला असें होत नाहीं.

उलट बाजूहि तशीच. उतरत्या पात्यांची धिंगरी उत्तम खाद्य आहे, म्हणजे टेकलेलीं पातीं विषारी हें खरें नाहीं. तरी उतरतीं पातीं दिसलीं म्हणून धिंगरीच असेंहि नव्हे. जपानांत लांकडावर उगवणारें, काळोखांत मंद प्रकाशणारें एक विषारी अळंबें धिंगरीसारख्या खाद्य जातींशीं गल्लत होऊन खाल्लें जातें, व तेथील अळंब्यांच्या विषबाधांत त्याचा वांटा मोठा असतो.

आम्हां महसुली नोकरींत जन्म काढलेल्या माणसांना हें एका उपमेनें चटकन्‌ पटतें. खरेदीखतांत जमिनीच्या चारी दिशांच्या हद्दी लिहाव्या लागतात. पूर्वेस ओढा एवढेंच लिहून कोणी जमीन विकत घेत नाहीं, कारण ओढ्याला लागून गांवांत पन्नास जमिनी असतात. पात्यांची जोड ही एक हद्द. बीजुकांचा रंग ही दुसरी. दांड्यावर कडें आहे कीं नाहीं व बुडाशीं काय आहे ही तिसरी. उगवण्याची जागा ही चवथी. चारहि जुळल्या तर ओळख पटण्याची आशा. एक जरी जुळली नाहीं तरी टोपलींत घालूं नये.

यांतील दुसरी हद्द, बीजुकांचा रंग, पात्यांच्या रंगावरून ठरवूं नये. तो छापा घेऊन पाहावा. उमललेल्या अळंब्याचा दांडा छत्रीलगत कापून छत्री पातीं खालीं करून कागदावर ठेवावी. कागद अर्धा पांढरा व अर्धा काळा असावा, कारण पांढरीं बीजुकें पांढऱ्या कागदावर दिसत नाहींत. वर एक वाटी उपडी घालावी म्हणजे वारा लागत नाहीं. संध्याकाळीं ठेवलें तर सकाळीं कागदावर कचेरीच्या शिक्क्यासारखा चक्राकार ठसा उमटलेला असतो. ही वाटी पुन्हां स्वयंपाकास घेण्यापूर्वीं स्वच्छ घांसावी हें सांगणें नको.

हा ठसा सुट्या पात्यांच्या वाड्यांतील बिऱ्हाडें कशीं वेगळीं करतो तें पाहण्यासारखें आहे. वारुळावरच्या अळंब्याचा ठसा गुलाबीसर येतो. पेंढ्यावरच्याचाहि गुलाबी. बटणाच्या जातींचा गडद तपकिरी, चॉकलेटासारखा. त्यांचीं पातींहि आरंभीं फिकट, मग गुलाबी व शेवटीं तपकिरी होत जातात. अमॅनिटाचा पांढरा, लेपिओटाचाहि पांढरा. कुरणांतल्या त्या मोठ्या खवलेदार छत्रीचा ठसा मळकट हिरवा पडतो. ही शेवटची फार लबाड आहे. तिचीं कोंवळीं पातीं शुभ्र असतात, व त्यांस हिरवट झांक फार उशिरां येते. म्हणून ठसा न घेतां ती कोणासहि चांगली वाटावी. आणि शेणखताच्या ढिगावर उगवून एका दिवसांत शाईसारखी विरघळणारी छत्री पाहिली असेल, तिचा काळा. त्या शाईच्या छत्र्यांपैकीं एक राखी रंगाची जात अशी आहे कीं ती एरवीं बाधत नाहीं, पण मद्य घेतलेल्या माणसास खाल्ल्यावर चांगलीच बाधते.

केवळ रंगावरहि विसंबूं नये, आणि येथें पात्यांची जोड पुन्हां कामास येते. गुलाबी ठसा एंटोलोमा नांवाच्या कुळाचाहि असतो, व त्यांतील कांहीं जाती विषारी आहेत. परंतु त्यांचीं पातीं दांड्याला लागलेलीं, पुष्कळदां खांचेचीं असतात. म्हणजे रंग सारखा असतां जोड वेगळी, आणि जोड सारखी असतां रंग वेगळा. दोन्ही मिळून जें निवडतात तें एकटें कोणासच निवडतां येत नाहीं.

तिसऱ्या हद्दीसाठीं बूड पाहावें. अमॅनिटा कोंवळेपणीं एका पिशवींत गुंडाळलेला असतो. वाढतांना ती फाटते व तिचा खालचा भाग मातींत वाटीसारखा राहतो. वरच्यावर खुडलें तर ही वाटी जमिनींतच राहते, आणि सर्वांत महत्त्वाचा पुरावा आपल्याच हातानें गमावला जातो. वारुळावरच्या अळंब्याला अशी वाटी नसते. त्याऐवजीं दांडा मुळीसारखा निमुळता होत खोल, वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. वाळवी तेथें चावलेल्या पाल्यालांकडाच्या गाद्यांवर ही बुरशी पोसते व तिच्यावर उपजीविका करते. रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं या कुळास वाळवीवरूनच टर्मिटोमायसिस हें नांव दिलें. छत्रीच्या मध्यावर भाल्याच्या टोंकासारखा कडक उंचवटा, हीहि त्याची खूण. ओळखीसाठीं एका वारुळापाशीं एकच अळंबें खोल खणून पाहावें. सारें वारूळ उकरणारे लोक पुढील वर्षाचें पीक आपल्याच हातानें घालवितात.

पेंढ्यावरच्या अळंब्याला मात्र अमॅनिटासारखीच बुडाशीं वाटी असते, व पातीं दोघांचींहि सुटीं. दोन हद्दी जुळल्या. फरक उरतो तो ठशाचा, एकाचा गुलाबी व दुसऱ्याचा पांढरा, आणि कड्याचा. पेंढ्यावरच्याला दांड्यावर कडें नसतें, अमॅनिटाच्या घातक जातींना बहुधा असतें, पण तें झडूनहि जातें. ही गल्लत काय करते याचें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा शहरीं घडलें. २०११ सालच्या अखेरच्या रात्रीं केलेल्या जेवणांत त्या गांवांत ओकच्या झाडांखालीं उगवणारीं अमॅनिटा फॅलॉइड्स नांवाचीं अळंबीं घातलीं गेलीं, व खाणाऱ्यांपैकीं दोघे पुढल्या कांहीं दिवसांत दगावले. आशियांत सर्वत्र खाल्ल्या जाणाऱ्या पेंढ्यावरच्या अळंब्याशीं तीं सारखीं दिसल्यामुळें हें झालें असावें असें मानण्यांत आलें. स्वयंपाक करणारा नवखा नव्हता. तो धंद्यानेंच आचारी होता. आपल्या देशांतहि एप्रिल २०२२ मध्यें आसामांत रानांतील अळंबीं खाऊन थोड्याच दिवसांत तेरा माणसें दगावलीं. त्यांत बहुतेक चहाच्या मळ्यांतील कष्टकरी कुटुंबांतील होतीं. हीं माणसें रानाला अनोळखी होतीं असें कोणी म्हणणार नाहीं.

मिटलेलीं, अंड्यासारखीं अळंबीं मुळींच गोळा करूं नयेत. त्यांत पात्यांची जोड दिसत नाहीं, ठसा पडत नाहीं, कडें सुटलेलें नसतें. म्हणजे चारांपैकीं तीन हद्दी अज्ञात.

शेणावरच्या बारीक, उंच दांड्याच्या छत्र्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. त्यांचीं पातीं बहुधा जोडलेलीं किंवा टेकलेलीं असतात, ठसा काळा किंवा जांभळट तपकिरी येतो, व त्यांतील कांहींनीं माणसाची शुद्ध हरपते. त्यांच्या वाटेस न जाणें बरें. गुरांच्या शेणावर उगवलें म्हणजे पवित्र, हा विचार येथें उपयोगी नाहीं.

खेड्यांत व शहरांतहि ज्या परीक्षा चालतात त्यांचा निकाल एका वाक्यांत देतों. चांदीचें नाणें काळें पडणें, भात किंवा लसूण रंग बदलणें, किड्यांनीं छत्री खाल्लेली असणें, चव कडू नसणें, यांपैकीं एकीनेंहि विष कळत नाहीं. गोगलगाईला जें पचतें तें माणसाला पचेलच असें नाहीं. अमॅनिटाचें विष शिजवून जात नाहीं, वाळवून जात नाहीं, आणि ज्यांनीं तें खाल्लें त्यांतील पुष्कळांनीं तें चवदार होतें असें सांगितलें आहे.

आपल्या संघाच्या सभासदांनीं एक वही ठेवावी अशी माझी सूचना आहे. तारीख, जागा, पात्यांची जोड, ठशाचा रंग, कडें, बूड असे सहा रकाने पाडावे, व ठशाचा कागद त्या पानास डिंकानें चिकटवावा. तीन पावसाळे अशी नोंद झाली तर आपल्या शिवारांत काय उगवतें याचा दाखला तयार होईल. नमुन्याची खातरजमा करून घ्यावयाची असेल तर तो ओला प्लॅस्टिकच्या पिशवींत न कोंबतां कागदांत गुंडाळून, ठशासह, जवळच्या कृषि महाविद्यालयांतील वनस्पतिरोगशास्त्राच्या विभागांत न्यावा. हिमाचल प्रदेशांत सोलन येथें १९८३ सालीं स्थापन झालेली केंद्र सरकारची अळंबी संशोधन संस्थाहि आहे. नोंद पुरी झाली म्हणून मात्र खाण्यास परवानगी मिळाली असें समजूं नये. ज्या जातीचें नांव जाणत्यानें समक्ष सांगितलें नाहीं ती वहींतच राहूं द्यावी.

इतकें करूनहि कोणाच्या घरीं बाधा झालीच, तर वेळ हें मुख्य लक्षण आहे. कुरणांतल्या हिरव्या ठशाच्या छत्रीनें एक ते तीन तासांत वांति व जुलाब सुरू होतात. त्रास भयंकर होतो, पण उपचारानें माणूस बहुधा उठतो. अमॅनिटाचें विष याच्या उलट वागतें. सहा तासांनंतर, पुष्कळदां दहा-बारा तासांनीं, वांति व जुलाब सुरू होतात. एक-दोन दिवसांनीं उतार पडल्यासारखें वाटतें व घरचे लोक निश्चिंत होतात. त्याच वेळांत यकृत नासत असतें, आणि तिसऱ्या-चवथ्या दिवशीं कावीळ होऊन रोगी हातचा जातो. कांहींना नवें यकृत बसवूनच वांचवावें लागतें. म्हणून लक्षणें उशिरां आलीं तर आजार हलका समजूं नये. तो अधिक भारी समजावा. लक्षणें लवकर आलीं तरी एकाच कालवणांत दोन जातींचीं अळंबीं असूं शकतात हें विसरूं नये. घरगुती काढे देत बसूं नये. ज्यांनीं ज्यांनीं तें कालवण खाल्लें त्या सर्वांना, बरें वाटत असलें तरी, तात्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. तालुक्याच्या दवाखान्यांत प्रथम सलाइन लावून घेण्यास हरकत नाहीं, पण तेथेंच थांबूं नये. उरलेलीं कच्चीं अळंबीं किंवा निवडतांना टाकलेलीं बुडें उकिरड्यावरून शोधून कागदांत बांधून बरोबर न्यावींत, कच्चें कांहींच नसेल तर शिजलेलें कालवण न्यावें. आणि खाल्ल्याची वेळ व पहिली वांति झाल्याची वेळ, या दोन वेळा प्रत्येकाच्या नांवापुढें चिठीवर लिहून ती डॉक्टरांच्या हातीं द्यावी.